बुडख्यापासून वीतभर वर

मी अठ्ठावीस वर्षं सरकारी पगार घेऊन शेण तपासलं. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, "तुम्ही काय करत होता?" तर मी हेच सांगते, आणि जिलबी ताटात पडायच्या आधी सांगते. ऐकणाऱ्याने नाक मुरडलं तर तो त्याच्या नाकाचा प्रश्न.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठाला आमचं गाव, गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती. वडील लवकर गेले. आई, शेवंताबाई, दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण काढायची, त्यांच्या शेणी थापायची आणि उरलेला दिवस नदीकाठाला गवत कापायची. तेवढ्यावर तिने मला प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं. नोकरीचा कागद आला तेव्हा तोंडात पेढा धरूनच तिने विचारलं, "काम कसलं हाय?"

"जनावरांचं शेण तपासायचं."

पेढा चावायची ती थांबली. "आगं, शेणातनं भाईर काढाया तुला शिकिवली, आन् तू पदवी घिऊन परत शेणातच चाललीस व्हय?"

"पंख्याखाली बसून, आई."

"मग जा. पर आपलं हात आपून धू. दुसऱ्याला धुवाया लावू नगंस."

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. मी कोल्हापुरात शाहूपुरीत खोली घेतली आणि जनावरांच्या रोगतपासणीच्या एका छोट्या प्रयोगशाळेत रुजू झाले. पहिल्याच दिवशी कुणीतरी आडनाव विचारलं. मी सांगितलं, आणि न विचारता बी.एस्सी.ची टक्केवारीही सांगितली. पुन्हा कुणी विचारलं नाही.

आमचं गिऱ्हाईक मोठं नामी. शेण बाटलीत आणा म्हटलं तर एकजण साड्यांच्या खोक्यात घेऊन आला. एका बाईने नव्या स्टीलच्या डब्यात आणलं आणि दारातूनच बजावलं, "डबा घासून द्या हं, पोराच्या शाळंचा हाय." शिवाजी पेठेतल्या एका पैलवानाने स्वतःच्या म्हशीचं म्हणून शेजाऱ्याच्या म्हशीचं शेण आणलं. का, तर त्याच्या म्हशीला जंत निघाले आणि तालमीत कळलं तर काय तोंड दाखवायचं! जंत निघालेच. पैलवान आनंदाने उड्या मारत गेला, शेजाऱ्याला सांगायला. स्वतःच्या म्हशीचं शेण त्याने शेवटपर्यंत आणलं नाही.

आता काम सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शेणातल्या जंतांची अंडी दोन तऱ्हांनी शोधतात. हलकी अंडी असतील तर मिठाच्या दाट पाण्यात शेण कालवायचं, अंडी वर तरंगतात, काचेला चिकटतात. पाच-दहा मिनिटांचं काम. पण काही अंडी जड. ती तरंगत नाहीत. त्यांच्यासाठी शेण साध्या पाण्यात कालवायचं, चहाच्या गाळण्यातून गाळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा नवं पाणी, पुन्हा थांबायचं. पाणी नितळ होईपर्यंत हे चालू. मग तळाच्या गाळात निळ्या रंगाचा थेंब टाकायचा. सगळा कचरा निळा होतो आणि त्यात अंडं असेल तर ते तेवढं पिवळं राहतं, सोन्याच्या मण्यासारखं. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

हे पिवळं अंडं पानासारख्या चपट्या जंताचं. तो राहतो म्हशीच्या काळजात, म्हणजे यकृतात. अंडी शेणातून पाण्यात जातात, फुटतात, आणि आतलं पिल्लू पाण्यातली एक नाजूक शंखी शोधतं. शंखी म्हणजे गोगलगाईचीच पाण्यातली भावकी. तिच्या अंगात एकाची शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडून पाण्यात उभ्या असलेल्या गवताच्या काडीला चिकटतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात, खसखशीहून कितीतरी बारीक. म्हैस गवत खाते, जंत काळजात जातो, आणि तीनेक महिन्यांनी शेणात परत पिवळी अंडी. शंखी नसेल तर हे सगळं थांबतं. म्हणून आमच्याकडे ह्या आजाराचं वेळापत्रक होतं. भिंतीवर छापील तक्ता होता: औषध पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. उन्हाळ्यात डबकी आटतात, शंख्या मरतात किंवा चिखलात दडी मारतात, मग चिंता नाही. म्हणून गाळ बसवायची ती वेळखाऊ तपासणी आम्ही हिवाळ्यात करायचो. उन्हाळा लागला की फक्त तरंगवून बघायचं. असं कुणी लिहून दिलं नव्हतं. तशी सवय होती. मीही ती उचलली आणि तेरा-चौदा वर्षं सुखाने वागवली.

मग दोन हजारनंतर तो मोठा पूर आला. शिरोळ तालुका पाण्यात गेला, आमची वस्ती शाळेत जाऊन राहिली. पूर ओसरला, पण पाऊस ओसरला नाही. दिवाळीत आकाशकंदील भिजले. थंडी अशी पडलीच नाही. पुढच्या मार्च महिन्यात शिवाजी पेठेतले आप्पा गवळी बाटली घेऊन आले.

आप्पांच्या गोठ्यात चार म्हशी, त्यांत गंगी त्यांचा जीव की प्राण; तिची लहान रेडी तिच्या कासेला. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात गवळी लोक म्हशी सजवून मिरवतात, हे बाहेरच्यांना ऐकून माहीत असेल. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, अंगाला तेल चोळून असं चमकवायचं की बघणाऱ्याने त्यात भांग पाडावा. आप्पांच्या मोटारसायकलमागे गंगी नुसत्या हाकेवर धावायची. अख्खी पेठ बघायला उभी.

"बाई, गंगीचं दूध निम्म्यावर आलंय," आप्पा म्हणाले. "आन् मान खाली घालून बसती. नजर लागली म्हणत्यात घरात. म्या म्हनलं, आधी शेण दाखवू."

मी शेण मिठाच्या पाण्यात कालवलं. काहीच तरंगलं नाही. मार्च महिना, शहरातली बांधलेली म्हैस, नदीचं पाणीसुद्धा न बघितलेली. गाळ बसवायचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी कागदावर 'जंत आढळले नाहीत' असं लिहिलं आणि सही केली. माझी सही मोठी झोकदार आहे.

एप्रिलच्या मध्यावर आप्पा परत आले. हातात बाटली नव्हती, माझा कागद होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बोटाने माझ्या सहीपर्यंत सरकवला.

"तुमचा कागद म्हनतोय निरोगी हाय. म्हस निरोगीच मेली बाई."

मी बाटल्या घेतल्या आणि त्यांच्यामागून गोठ्यावर गेले. गंगीला आदल्या दिवशीच नेलं होतं, दावं तेवढं खुंट्याला होतं. उरलेल्या तिघींपैकी एकीच्या जबड्याखाली सुजून पाण्याची पिशवी लोंबत होती. मी पापणी उलटून बघितली. आत लाली पाहिजे, तिथे कागदासारखा पांढरेपणा. तिघींचं शेण आणलं आणि या वेळी गाळ बसवला. पाणी ओतत होते, पुन्हा भरत होते. निळा थेंब टाकून डोळा लावला. एका नजरेत मावणार नाहीत इतके पिवळे मणी.

आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला आलेले होते आणि त्यांना कुठलाही कागद वर पाठवायचा नव्हता. त्यांनी माझं टिपण वाचलं, चष्मा काढला.

"सुमनबाई, एप्रिल महिना, शिवाजी पेठ आणि बांधलेली म्हैस. तिन्ही गोष्टी पुस्तकात बसत नाहीत."

"मग पुस्तक वाढवा, साहेब."

"नमुन्यात बाहेरचं शेण मिसळलं, असं लिहा. लोक काय काय आणतात, तुम्हाला माहीत आहे."

"हे नमुने मी स्वतः काढलेत. हात घालून."

ते हळू आवाजात म्हणाले, "हे वर गेलं तर मार्चमधला कागद बाहेर निघेल. त्यावर सही तुमची आहे."

"निघू दे. चुकलं ते माझं चुकलं. म्हशीचं काय चुकलं?"

"बरं. मग एवढं सांगा, शहरातल्या म्हशीला शंखी भेटली कुठे?"

हा प्रश्न बरोबर होता.

मी परत आप्पांकडे गेले. डॉक्टरांनी तिघींना औषध पाजलं होतं, आणि सांगितलेले दिवस दूध विकायचं नाही म्हणून आप्पा चिडून बादल्या मोरीत ओतत होते. मी विचारलं, वैरण कुठली घालता?

"हंगामात उसाचं वाडं. पर गाभणीला आन् दुभतीला वल्लं गवत. शिरोळाकडनं टेंपो येतो की. त्यात बी आमी कुनाचं बी घेत न्हाय." आप्पा बादली टेकवून अभिमानाने म्हणाले, "शेवंताबाईचाच भारा घेतो. बुडख्यापातूर पांढरंशिपट गवत, येक काडी उगं मोडल्याली न्हाय. गंगीला त्येच लागायचं. बाकीच्या बाया निम्मं गवत रानातच सोडून येत्यात."

नदीकाठाला शेवंताबाई एकच होती, माझी आई. मला नोकरी लागल्यावर मी शंभर वेळा सांगितलं असेल, आता गवत बस कर. ती म्हणायची, हातपाय हायत तवर माझं मी खाईन.

आप्पांना सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण सहीच्या वेळी एकदा न बघता पुढे गेले होते, आता नाही जायचं म्हटलं. "आप्पा, शेवंताबाई माझी आई. मला वाटतं, रोग तिच्या भाऱ्यातून आलाय."

आप्पांनी बादली पुन्हा उचलली. "मग? आता आईवर केस घालनार काय?"

"आधी बघून येते."

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून गावी गेले. आई घरी नव्हती, काठाला होती. काठालगतचा तो जुनाच खड्डा, पण पाण्याने भरलेला, त्यात गवत माजलेलं, आणि आई मांडीपर्यंत पाण्यात उभी. मी काठावर बसून बघत राहिले. लहानपणापासून बघितलेलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. डाव्या हाताने गवताची मूठ धरायची, उजवा हात विळ्यासकट कोपरापर्यंत पाण्यात घालायचा, डोळे समोर ठेवून बोटांनी मूळ चाचपायचं आणि मातीलगत कापायचं. चांगली कापणारी तीच, जी मागे खुंट ठेवत नाही. खुंट ठेवणारीला काठावरच्या बायका आळशी म्हणतात. आईच्या मागे नुसतं पाणी असायचं, जणू तिथे गवत कधी नव्हतंच.

"हितं काय करतीस? सुटी हाय?" आईने विचारलं.

"एप्रिल चालू आहे, आई. ह्या खड्ड्यात पाणी कसं?"

"तेच की," ती मूठ झटकत म्हणाली. "पयलं पुसात हितं भेगा पडायच्या. तुला कडंवर घिऊन मी कोरडी पल्याड जायची. आता चैत आला तरी मांडीइतकं पानी. वळीव बी कवा बी येतोय, खड्डा आटू देत न्हाय. थंडी तर पळूनच गेली. आमाला बरंच हाय की, बारा म्हैनं वैरण."

बारा महिने वैरण. आणि बारा महिने शंखी. गवताच्या बुडाला त्या झोंबल्या होत्या, पातळ कवचाच्या, कानासारख्या तोंडाच्या. ह्याला हवामानबदल म्हणतात, हा शब्द आमच्या ऑफिसात तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पुढे लोक माझ्याशी वाद घालायचे: हे पाटाच्या पाण्याने झालं, उपशाने झालं, हवेने कुठे काय होतं? पाटाचं पाणी होतंच, नाही कोण म्हणतं? पण पाट माझ्या लहानपणीही होते आणि पौषात भेगाही पडत होत्या. शंखीला ओल पाहिजे आणि ऊब पाहिजे. आमच्या तक्त्यातला उन्हाळा तिची ओल काढून घ्यायचा, हिवाळा ऊब काढून घ्यायचा. आता दोघांनीही काम सोडलं होतं, आणि तक्ता भिंतीवर तसाच होता.

मी आईच्या भाऱ्यातून काड्या काढून घेतल्या. कोल्हापुरात येऊन प्रत्येक काडीचे वीत-वीतभर तुकडे केले, वेगवेगळे खरवडले आणि काचेखाली धरले. वरच्या तुकड्यांत काही नाही. सगळ्यात खालच्या, त्या पांढऱ्याशिपट तुकड्यावर बारीक गोल कवचं चिकटलेली. मग टेंपोतून दुसऱ्या बायकांच्या काड्या मागवल्या, त्या आळशी म्हणवल्या जाणाऱ्यांच्या. त्यांचा खालचा तुकडा रानातच राहिलेला. त्यांच्या काड्या जवळजवळ स्वच्छ.

म्हणजे सगळ्यात चांगलं कापणारी बाई सगळ्यात वाईट वैरण पाठवत होती. आणि ती माझी आई.

मी परत गावी गेले आणि तिला सगळं सांगितलं. जंत, शंखी, पांढरा बुडखा, गंगी. आई विळ्याला धार लावत होती. थांबली नाही.

"म्हंजी माझ्या हातनं म्हस मेली म्हन."

"माझ्याही हातनं, आई. मी नीट बघितलं असतं तर वाचली असती."

"तुझं ऱ्हाऊ दे. तू चार बुकं शिकलीस, तू चुकशील. म्या चाळीस वरसं कापतोय. मला कधी कुनी नाव ठिवलं न्हाय."

"नाव नाही ठेवत. फक्त बुडख्यापासून वीतभर वर काप."

तिने विळा खाली ठेवला. "खुंट सोडू? म्या? ती कोपऱ्यावरची रखमी सोडती तसं?" तिचा आवाज चढला. "आगं, काठाच्या बाया हसतील मला. म्हनतील, शेवंता म्हातारी झाली, पान्यात हात घालाया भ्याली. पोरगी साहेबीन झाली न् आयला आळशी करून गेली!"

तिच्या हाताला गवत मातीलगत कापायची चाळीस वर्षांची सवय होती. त्या हाताला काम वाईट कर म्हणणारी मी कोण? ती त्या दिवशी माझ्याशी जेवतानाही बोलली नाही. मी एसटीने परत आले.

अहवाल मी लिहिला. 'वैरण कापणारी व्यक्ती' ह्या रकान्यात आईचं नाव लिहिलं, आणि खाली नातं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "स्वतःच्या आईचं नाव सरकारी कागदावर? हे काढा. 'काठच्या बायकांच्या निष्काळजीपणामुळे' असं एक वाक्य घाला. वर पटकन कळेल. बंदी घालतील, प्रश्न मिटेल."

"निष्काळजीपणा? साहेब, काळजीने कापलं म्हणून झालं हे. आणि चैत्रात पाणी त्या बायकांनी नाही साठवलं. वैरणीवर बंदी घातलीत तर त्या खातील काय, आणि म्हशी काय? वीतभर वर कापा, कापलेलं उन्हात चांगलं वाळवून घाला, आणि औषध तक्ता बघून नको, पाणी बघून द्या. एवढंच लिहिलंय. एवढंच पाठवा."

ते म्हणाले, पाठवतो. पाठवला. वरून उत्तर आलं ते मला मेमो म्हणून: मार्चमध्ये अपुरी तपासणी केल्याबद्दल. अहवालाबद्दल एक ओळ नाही. मेमो मी सही करून घेतला, तीच झोकदार सही, आणि घरी लॅमिनेट करून ठेवला. पाहुण्यांना पदवीच्या शेजारी दाखवते. त्यात लिहिलेलं खरं आहे. न लिहिलेलंही खरं आहे. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर आलेली एकही बाटली गाळ बसवल्याशिवाय परत गेली नाही. मे असो, ऑगस्ट असो.

आई बोलली नाही ती नाहीच. दोन महिने. मग पावसाळ्यात एक दिवस आप्पांचा निरोप आला, बाई, गोठ्यावर या, वैरणीचा घोळ झालाय. गेले तर टेंपो दारात उभा, आप्पा भारा सोडून बसलेले, आणि टेंपोच्या फळीवर पाय सोडून माझी आई. कोल्हापूरला ती अशी न सांगता कधी आली नव्हती.

"बघा बाई," आप्पा काडी हलवत म्हणाले, "बुडखा न्हाय, पांढरं न्हाय. काय शेवंताबाई, हात उतरला व्हय तुमचा?"

आई खाली उतरली. माझ्याकडे बघितलंही नाही. आप्पांच्या हातातली काडी तिने काढून घेतली आणि तिच्या बुडाला आपली वीत टेकवून हवेतच खालची जागा दाखवली.

"हितनं हितपातूर म्या पान्यात सोडलंय. जानून सोडलंय. चार म्हैनं कापू दे, न्हायतर चाळीस वरसं, मला पान्यातलं दिसत न्हवतं. माझ्या लेकीला दिसलं. तिनं काचंतनं बघितलंय." मग आवाज पेठेला ऐकू जाईल इतका चढवून, "आन् खालचं पायजेच आसंल तर ये की शिरोळाला! उतर मांडीइतक्या पान्यात, काप, आन् गंगीच्या खुंट्यापशी निऊन ठीव!"

आप्पांनी भारा परत बांधला. "आवं, मी कुठं नको म्हनलं," ते म्हणाले. "च्या तरी घ्या."

"च्या घिन," आई म्हणाली. "आधी हात धुवाया पानी दे. माझं मी धुतो."

त्या पाडव्याला आप्पांच्या मोटारसायकलमागे गंगीची रेडी, तिची लेक, धावली. शिंगं जेमतेम फुटलेली, तरी रंगवलेली.

आई आता नाही. तक्ता आहे, नवा छापलेला, महिने तेच. नदीकाठच्या बायका मात्र पाण्यात वीतभर खुंट सोडून कापतात, सगळे एका उंचीचे, आणि त्याला म्हणतात शेवंताबाईची वीत. तुम्ही कधी शिरोळकडे गेलात आणि तो खुंट पाण्यात उभा दिसला, तर त्या बायकांना आळशी म्हणू नका. म्हणालात तर त्या ऐकून घेणार नाहीत, आणि बहुतेक वेळा मी तिथेच काठावर बाटली घेऊन बसलेली असते.